जोडीचा शिरदाक

कालीपाने टाळी वाजवली. चुकली. दुसरीही चुकली. तिसऱ्या टाळीला तिच्या तळहातावर सोनेरी भुकटी उमटली. उद्या दुपारी व्याही मुलीला न्यायला येणार, आणि आज मुलीच्या रुखवताच्या खोलीत लोकरीतली पाकोळी उडते म्हणजे काय, हे मेंढपाळाच्या घरात जन्मलेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

रुखवत नुरझातच्या जन्मापासून रचलेलं होतं. खाली पेटी, पेटीवर शिरदाक हे लोकरीच्या नमद्याचे नक्षीदार गालिचे, त्यांच्यावर गाद्या, गाद्यांवर उशा अशी ती चवड छताला टेकली होती. लग्नाआधी रुखवत चारचौघांना दिसलं तर दृष्ट लागते, हे सगळ्या ताश-बुलाक गावालाच मान्य आहे. पण कालीपाने गावावर कडी केली होती. खोलीला कुलूप, खिडकीला जाड पडदा आणि किल्ली गळ्यात. दर उन्हाळ्यात तिची सासू बुरुल-एने म्हणायची, "अगं, कुरणावर जाताना ते शिरदाक घे बरोबर. उन्हात टाक, चार काठ्या हाण." आणि दर उन्हाळ्यात कालीपा म्हणायची, "तिथे सगळ्यांचे डोळे असतात, एने." सगळ्यांचे म्हणजे थोरल्या जाऊबाईंचे, सायराचे. हे एनेलाही ठाऊक होतं.

कालीपाने धडाधड गाद्या खाली ओढल्या आणि तळचा मोठा शिरदाक उलगडला. काळ्या नमद्यावर लाल शिंगांची नक्षी. नक्षी कसली, चाळणच ती. किनारीकडच्या एका मोठ्या शिंगातून तिला खालच्या फळ्या स्वच्छ दिसल्या. पंजा घातला असता तर पलीकडे निघाला असता.

"कुणाचं कौतुक चाललंय?" टाळ्या ऐकून तिचा नवरा साकीन आत आला. तो गावचा गुरांचा डॉक्टर होता. कुठल्याही संकटावर आपल्या पेटीत औषध आहे, अशी त्याची ठाम समजूत होती. शिरदाक बघितल्यावर त्याने खाली बसून एक अळी चिमटीत धरली आणि उजेडात नीट न्याहाळली.

"कसर," तो म्हणाला.

"मला वाटलं घोडा असेल!" कालीपा ओरडली. "अहो, उद्या ते लोक येतायत! काहीतरी करा!"

"गोचिडांवरचं औषध आहे माझ्याकडे. हौदात कालवू आणि सगळं बुडवून काढू."

"मुलीचं रुखवत मेंढ्यांच्या हौदात बुडवणार?"

"लोकर मेंढीचीच आहे ना? तिला सवय आहे."

एव्हाना बुरुल-एने काठी टेकत दारात उभी होती. कालीपाने घाईघाईने शिरदाकावर गादी ओढली. एनेने काठीच्या टोकाने ती तितक्याच शांतपणे बाजूला सारली, पाहिलं आणि पेटीवर जाऊन बसली.

"टाळ्या वाजवून काय होणार, पोरी? उडणारी खात नाही आणि खाणारी उडत नाही. खाणारी अंधारात गपगार बसून खाते. जिथे माणसाचा पाय लागत नाही, तिथे तिचं राज्य." मग तिने मुलाकडे पाहिलं. "आणि तू नुसता उडू नकोस. जा, सायराला बोलाव."

"नको!" कालीपा म्हणाली. "एने, पाया पडते. जगातल्या कुणालाही बोलवा, पण त्यांना नको."

पण सायरा बोलवायच्या आधीच अंगणात आली होती. उद्याच्या मेजवानीचे कणकेचे बोरसोक तळून तिने परातभर आणले होते. तिचा नवरा, साकीनचा थोरला भाऊ कासिम मेंढ्या घेऊन वर डोंगरात, म्हणून घरातल्या कार्याला त्याच्या वतीने तीच. परात घेऊन ती सरळ खोलीत शिरली, खाली पसरलेल्या शिरदाकाकडे तिने पाहिलं, आणि परात खाली ठेवायची विसरली.

"एजे, ही लाल लोकर तुमच्या कोकरांची होती," कालीपा थोरल्या जावेला म्हणाली. चोराच्या उलट्या बोंबा त्या अशाच सुरू होतात.

"अगं बाई! नुरझात पोटात होती तेव्हाच्या कोकरांना आता जाब विचारतेस?"

"मऊ होती फार. मऊ लोकरीलाच लागते."

"माझ्या शिरदाकातही त्याच कोकरांची लोकर आहे. त्याला का नाही लागली?"

हे वाक्य सायराच्या तोंडून सुटलं, आणि खोलीतल्या चारही माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार आला होता.

शिरदाक कधी एकटा जन्मत नाही. काळा आणि लाल असे दोन नमदे एकावर एक ठेवायचे, एकाच सुरीने दोन्हींतून नक्षी कापायची, मग लाल शिंगं काळ्यात बसवायची आणि काळी शिंगं लालमध्ये. कपटाही वाया जात नाही आणि एकाच्या जागी दोन जुळे तयार होतात. हे जुळे दोघी जावांनी मिळून केले होते, एका उन्हाळ्यात, गप्पा मारत, एकमेकींच्या वेण्या घालत. मग एनेने वाटणी केली. धाकटी पोटुशी, म्हणून पहिली निवड तिची. कालीपाने काळ्यावर लाल असलेला, डोळ्यांत भरणारा शिरदाक उचलला. सायराच्या वाट्याला उरलेला आला. त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींशी कधी भांडण केलं नाही आणि धड गप्पाही मारल्या नाहीत.

"सुचलं!" साकीन म्हणाला. "वहिनींच्या शिरदाकातली काळी शिंगं काढायची आणि आपल्या भोकांत बसवायची. एकाच सुरीची आहेत, चपखल बसतील!"

तिन्ही बायकांनी त्याच्याकडे पाहिलं.

"काळ्या नमद्यात काळी शिंगं," सायरा म्हणाली.

"हो."

"मग दिसणार काय, भाऊजी?"

साकीनने थोडा विचार केला. "काळं," तो म्हणाला.

"तू हौदाकडे जा, बाबा," एने म्हणाली.

तो काही गेला नाही. दाराशी उभा राहिला. असं नाट्य रोज बघायला मिळत नाही.

सायराने अखेर परात खाली ठेवली. आता मागणी येणार, हे तिला कळत होतं. खरं सांगायचं तर या मागणीची ती कित्येक वर्षं वाट बघत होती. कधीतरी धाकटीला माझ्या दारात यावंच लागेल, आणि तेव्हा मी काय म्हणेन, हे तिने भाकरीची कणीक मळताना, दूध काढताना हजारदा घोकलं होतं. उत्तर असं झणझणीत होतं की त्यानंतर कालीपाने आयुष्यभर मान वर केली नसती.

"एजे," कालीपा म्हणाली. "एजे, मी तुम्हाला दोन नवे करून देईन. थंडीत बसून. लोकर माझी."

"माझा माझ्या घरात जमिनीवर अंथरलाय. पोरांनी त्यावर चहा सांडलाय, कुस्त्या खेळल्यात. तो रुखवतात देशील?"

"धड तर आहे ना."

"आणि मला मुलगी नाही, म्हणून माझा शिरदाक मोकळाच आहे. असंच ना?"

"मी असं म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीस. तेव्हाही नव्हतं म्हटलंस. उचललास आणि गेलीस. आणि हा राखून कुणासाठी ठेवू, म्हणून मी माझा जमिनीवर टाकला." घोकलेलं उत्तर ते हेच. पण ते बोलून टाकल्यावर सायराला अपेक्षेइतकी मजा आली नाही. समोर कालीपाचं तोंड पार उतरलं होतं आणि तिच्या हातावर ती सोनेरी भुकटी अजून तशीच होती. सायराला स्वतःचाच राग आला.

एने नेहमी धाकटीची बाजू घेते असा घरात समज होता. आज ती पेटीवरून म्हणाली, "सायराचं बरोबर आहे. तेव्हा वाटणी करताना मी चुकले." कालीपाने चमकून सासूकडे पाहिलं. आता तर तिच्या बाजूने कोणीच उरलं नाही. नवरा होता, पण तो हौदाच्या बाजूने होता.

"मी बोलू?" साकीनच्या मागून आवाज आला.

नुरझात केव्हापासून तिथे होती कोण जाणे. उद्याची नवरी, डोक्याला तेल चोपडलेलं, अंगात बापाचा जुना स्वेटर. मघापासूनची सगळी भांडाभांडी ऐकताना तिला हसू येत होतं आणि मधेच रडूही. बिश्केकला नवऱ्याच्या घरी सोफा होता, शिरदाक अंथरायला जागा किती असेल देव जाणे. पण आईला हे सांगायची सोय नव्हती. तिने दुसरंच सांगितलं, आणि ते जास्त खरं होतं.

"आपा," ती आईला म्हणाली, "तुझ्या शिरदाकावर मी आजवर एकदाही बसलेली नाही. तो माझा आहे, हे मी नुसतं ऐकलंय. मी चालायला शिकले ती थोरल्या आपाच्या शिरदाकावर. तो मधला चहाचा डागही माझाच." ती सायराकडे वळली. "थोरली आपा, तुमच्या मनात असेल तर तोच द्या मला. नसेल तर मी शिरदाकाशिवाय जाते. आईचा हा नको. सासूबाई मला या भोकांतून बघतील."

मुलगी नसल्याचं दुःख सायराने कुणाला दाखवलं नव्हतं, आणि मुलगी तिच्या घरात वाढत होती हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

"घेऊन जा," ती म्हणाली. मग कालीपाकडे बघून, "पण माझी जमीन उघडी नाही राहणार. तुझा हा मला हवा."

"ही चाळण?"

"पीठ चाळीन. तुला काय करायचंय?"

तोंडाने असं म्हणत तिने खाली वाकून शिरदाकाचं एक टोक उचललंसुद्धा. दुसरं टोक कालीपाने उचललं.

मग त्या दिवशी साकीनच्या अंगणात जे काही चाललं, ते बघायला अर्धी गल्ली कुंपणाला लटकली होती. सगळं रुखवत दोऱ्यांवर, कुंपणावर, ट्रॅक्टरवर उन्हात पसरलेलं. साकीन कोट काढून दणादण काठ्या हाणत होता आणि धुरळ्यातून अळ्या खाली पडल्या की कोंबड्यांना हाका मारत होता. कालीपाने शेजारणीकडून डांबरगोळ्या आणल्या, तर एने म्हणाली, "त्या वासाने कसर जाईल आणि विहीणही जाईल." एनेने स्वतः डोंगरउतारावरच्या कडू दवण्याच्या जुड्या बांधून गाद्यांच्या घड्यांत खोचल्या. सायराचा शिरदाक दोघी जावांनी कोमट पाणी आणि साबण लावून घासला, झटकला, घोड्याच्या खराऱ्याने विंचरला. तो उन्हात असा उजळला की कालीपा बघतच राहिली. डाग मात्र गेला नाही.

"किती सुंदर गं हे सगळं," कुंपणावरून कुणीतरी म्हणालं. "दाखवलं नाहीस कधी?"

दृष्टीच्या भीतीने कालीपाचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. पण त्या बाईच्या बोलण्याने तिला इतकं बरं वाटलं होतं की तिने किल्ली सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी व्याही आले. मुलाची आई तोक्तोबूबू गाडीतून उतरली ती आधी काठी, मग एक गुडघा, मग दुसरा गुडघा, आणि मग बाकीची भरभक्कम बाई. समोरचे दोन दात सोन्याचे. शहरात राहते म्हणून तिला लोकरीतलं काय कळणार, अशी कालीपाला आशा होती. ती आशा पहिल्या गादीलाच संपली. तोक्तोबूबू प्रत्येक गोष्ट उलटी करून टाके बघत होती.

शिरदाक पसरला तेव्हा ती खाली वाकली, नखाने लोकर खरवडली, वास घेतला आणि डागावर बोट ठेवलं.

"हा वापरलेला आहे."

सायरा पुढे झाली.

"वापरलेलाच आहे, विहीणबाई. माझ्या घरात होता. तुमची सून यावरच चालायला शिकली. तो डागसुद्धा तिचाच."

"आणि कसर?"

"माझ्या घरात कसरीला बसायला जागा नसते. पोरं उठतील तेव्हा ना?"

तोक्तोबूबू हसली. सोन्याचे दात चमकले. "हे बरं. राखून ठेवलेले शिरदाक मी खूप पाहिलेत. आमच्या आईनेही एक राखला होता. उघडला तेव्हा टाक्यांचा दोराच उरला होता." कालीपाने सुस्कारा सोडायला तोंड उघडलं, तोच विहीणबाई म्हणाल्या, "याची जोड कुठाय?"

जोड नव्हती, हरवली, चोरीला गेली, नदीला पूर आला... कालीपाच्या मनात उत्तरांची रांग लागली. साकीनला मात्र खोटं बोलण्याची सवय नव्हती, मेंढ्यांमध्ये राहून तशी वेळच येत नाही.

"वहिनींच्या घरी अंथरलीय!" तो आनंदाने म्हणाला.

"मग चहा तिथेच घेऊ. जोड बघितल्याशिवाय शिरदाक कसला बघितला?"

तसंही मुलीकडच्या प्रत्येक घरी व्याह्यांना चहाला बोलवायचंच असतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. दोघी जावा मागच्या वाटेने धावत सुटल्या. इतक्या वर्षांत त्या बरोबर धावल्या नव्हत्या.

"दस्तरखानाची चादर मधोमध टाक!" सायरा धापा टाकत म्हणाली. "मधली सगळी भोकं झाकली जातील."

"आणि कडेची?"

"कडेची तीन आहेत. माणसं बसवू."

माणसं बसवली. भिंतीजवळच्या भोकावर एने. दाराजवळच्या भोकावर साकीन, आणि त्याच्या कानात कालीपाने सांगितलं, "घराला आग लागली तरी उठायचं नाही." सगळ्यांत मोठ्या भोकावर कालीपा स्वतः बसली, झगा नीट पसरून. आणि तिच्या अगदी शेजारी, मानाच्या जागी, विहीणबाई.

सायरा चहा ओतायला लागली.

"आमच्याकडे धाकटी चहा ओतते," तोक्तोबूबू म्हणाली.

"माझा गुडघा धरलाय," कालीपा म्हणाली.

"काल अंगणात खूप काम झालं," सायराने पुस्ती जोडली. "मी आहे ना. ती माझ्या बहिणीसारखीच आहे." हे बोलून ती स्वतःच जराशी गोंधळली आणि तिने व्याह्याच्या पेल्यात दोनदा दूध घातलं.

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "डॉक्टर! साकीन! भेटीची मेंढी गाडीत चढत नाहीये!"

"ढकला!" साकीन बसूनच ओरडला.

"चावतेय!"

"चावू दे! सोयरीक आहे!"

व्याही खो खो हसले. बोरसोक संपत आले, लोणी संपलं. कालीपाच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण तिला वाटायला लागलं होतं की आपण पार पडलो. आता फक्त ही मंडळी आधी उठायला हवीत. आपण मागाहून उठू, मुलीला गाडीपाशी निरोप देऊ. तिने हे सगळं ठरवून ठेवलं होतं.

तेवढ्यात दार उघडलं. नुरझात पांढरा रुमाल बांधून उभी होती. निघायची वेळ झाली होती. तिच्यामागे मुलाच्या आत्या-मावश्या बूट शोधत होत्या. ती काही बोलायला गेली आणि तिला नुसतं "आपा" एवढंच म्हणता आलं.

कालीपा उठली.

तिने काही ठरवलं नव्हतं. गुडघा, मुंग्या, झगा, काही आठवलं नाही. चार पावलांत ती मुलीपाशी पोचली आणि तिला घट्ट मिठी मारून हमसून हमसून रडायला लागली. इतकी वर्षं ज्या खोलीला तिने कुलूप घातलं होतं, तिच्यात खरं तर काय राखायचं होतं, ते तिला आता कळत होतं, आणि तेच आता गाडीत बसून चाललं होतं. सायरा धावत आली आणि दोघींना एकदम कवेत घेऊन तीही रडायला लागली.

मुलीच्या खांद्यावर डोकं टेकलेलं असताना कालीपाला शिरदाक आठवला. तिने हळूच मान वळवली.

तिच्या जागी भलंमोठं भोक होतं, ताटाएवढं, आणि त्यातून सायराच्या घराच्या फळ्या दिसत होत्या. तोक्तोबूबू त्याच्याकडेच बघत होती. मग तिने वर पाहिलं आणि तिची व कालीपाची नजर भिडली. दारात आत्या-मावश्यांची गर्दी झाली होती, त्यांतली एक वाकून आत बघत होती.

तोक्तोबूबूने दोन्ही हात जमिनीला टेकले, कण्हत आपलं भरभक्कम अंग उचललं, बाजूला सरकली आणि बरोबर भोकावर बसली. झगा नीट पसरला. मग रिकामा पेला पुढे केला.

"सायरा, अजून एक चहा. भरू नको, अर्धाच." आणि दारातल्या बायकांना म्हणाली, "घाई कसली आहे तुम्हाला? बाहेर थांबा. माय-लेकींना रडू दे पोटभर."

बायका मागे सरल्या. साकीनही गडबडीने उठायला लागला, तशी विहीणबाईंनी त्याच्याकडे न बघताच हळूच म्हटलं, "व्याही, तुम्ही इतक्यात उठू नका."